ॲल्युमिनियमची मोठी बॅग: आधी वजन, मग चाकं, शेवटी पत्रा

ॲल्युमिनियमची मोठी बॅग घ्यायचं मनात असेल तर दुकानात जाण्याआधी आपली मागची दोन-चार तिकिटं काढून बघा. चेक-इन सामानाची मर्यादा किती होती? या एका आकड्यावर निम्मा निर्णय होतो, आणि नेमका तोच बघायचा राहून जातो. चकचकीत पत्रा, पन्हाळी रेघा आणि खटकन बंद होणाऱ्या कड्या बघितल्या की वजनाचं कुणाला सुचत नाही.

हिशेब सोपा आहे. साधारण ८० ते ९० लिटरच्या, पूर्ण ॲल्युमिनियमच्या बॅगेचं रिकामं वजन ६ किलोच्या आसपास असतं. त्याच मापाची चांगली पॉलिकार्बोनेटची (म्हणजे कणखर प्लास्टिकची) बॅग ४ किलोच्या आगेमागे येते. अमेरिकेच्या प्रवासात इकॉनॉमीला बहुधा २३ किलोचा एक नग धरतात, म्हणजे तुमच्या सामानाला १७ किलो उरले. हे चालण्यासारखं आहे. पण मुंबई-दिल्ली किंवा पुणे-बंगळूरसारख्या देशांतर्गत प्रवासात साध्या तिकिटावर बहुतेक कंपन्या १५ किलोच देतात. त्यातले ६ बॅगेनेच खाल्ले तर हातात ९ किलो राहतात. दर आठवड्याला देशातल्या देशात फिरणाऱ्याने मोठी ॲल्युमिनियम बॅग घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याला मधलं माप पुरतं, आणि खरं तर पॉलिकार्बोनेटच बरं.

ही बॅग शोभते ती वर्षातून अनेकदा लांबच्या, नगावर सामान मोजणाऱ्या विमानांनी जाणाऱ्याला, आणि बिझनेस क्लासमध्ये ३२ किलोचा नग मिळणाऱ्याला. यंत्रं, कॅमेरे, नमुने अशा वस्तू नेणाऱ्यालाही ती कामाची आहे. आखातातल्या बऱ्याच मार्गांवर नग न मोजता एकूण किलो मोजतात. तिथे दोन हलक्या बॅगा आणि एक जड बॅग यांतला फरक सरळ खिशाला लागतो. शिकायला परदेशी निघालेल्या मुलाला आईवडिलांनी हौसेने ही बॅग घेऊन देऊ नये, हेही इथेच सांगतो. त्याच्या दृष्टीने ते दोन किलो म्हणजे प्रेशर कुकर आणि वर्षाचा गोडा मसाला.

३२ किलोच्या वरचा एकच नग बहुतेक कंपन्या घेत नाहीत, जादा पैसे दिले तरी. बॅगा उचलणाऱ्या माणसांच्या पाठीचा विचार करून ही मर्यादा ठेवलेली आहे.

मापाचा टेप सोबत न्या

बॅगेवरच्या लेबलवर २८ इंच, ३० इंच असं लिहिलेलं असतं. त्यावर जाऊ नका. विमान कंपन्या लांबी, रुंदी आणि जाडी यांची बेरीज बघतात, आणि ती सहसा १५८ सेंटिमीटरपर्यंत चालते. या बेरजेत चाकं, बाजूचं हँडल, कोपऱ्यांवरच्या टोप्या सगळं येतं. काही विक्रेते फक्त कवचाचं माप छापतात आणि चाकांचे चार-पाच सेंटिमीटर गाळतात. बॅग भिंतीला टेकवून उभी करा, वर एक पुस्तक आडवं धरा आणि जमिनीपासून पुस्तकापर्यंत मोजा. बाकीची दोन मापंही अशीच घ्या. बेरीज १६० च्या पुढे गेली तर ती बॅग परत ठेवा.

ॲल्युमिनियम म्हणजे नेमकं कोणतं?

ऑनलाइन खरेदीत सर्वात जास्त गोंधळ इथे होतो. 'ॲल्युमिनियम सूटकेस' असं शोधलं की समोर येणाऱ्या बऱ्याच बॅगा असतात 'ॲल्युमिनियम फ्रेम'च्या. म्हणजे चौकट धातूची आणि दोन्ही बाजूंची कवचं प्लास्टिकची. ही बॅग वाईट नसते. उलट चेन नसल्याचा फायदा तिच्यातही मिळतो आणि वजनही थोडं कमी भरतं. पण तिचे पैसे पत्र्याच्या बॅगेइतके मोजू नयेत. तिसरा प्रकार निव्वळ रंगाचा: प्लास्टिकवर घासलेल्या धातूसारखी छटा दिलेली असते, धातूचा पत्ता नसतो.

ओळखायचं कसं? लोहचुंबक घेऊन जाणारे लोक पाहिले आहेत. चुंबक ॲल्युमिनियमला चिकटत नाही हे खरं, पण तो प्लास्टिकलाही चिकटत नाही. त्याचा उपयोग एवढाच की कुठे कुठे लोखंडी भाग वापरलेत ते कळतं. त्यापेक्षा तळहात कवचावर टेकवा. एसी दुकानात धातू लगेच गार लागतो, प्लास्टिक तसं लागत नाही. बोटाच्या पेराने टकटक केलं की आवाजातूनही कळतं. अस्तराची चेन उघडून आत डोकावलं तर शंकाच राहत नाही.

पूर्ण शुद्ध ॲल्युमिनियम मऊ असतं, म्हणून बॅगेला मिश्रधातू लागतो. कवचासाठी मॅग्नेशियम मिसळलेला पत्रा चांगला. ५०५२ हा त्यातला नेहमीचा क्रमांक, दमट आणि खाऱ्या हवेत टिकणारा. चौकटीच्या पट्ट्या बहुधा मॅग्नेशियम-सिलिकॉनच्या मिश्रधातूच्या असतात. विक्रेत्याने क्रमांक सांगितला तर उत्तम. 'एअरक्राफ्ट ग्रेड' एवढंच सांगितलं तर ते जाहिरातीचे शब्द समजून सोडून द्या.

पत्रा किती जाड, आणि रेघा कशासाठी

या बॅगांचा पत्रा साधारण १ मिलिमीटरच्या आसपास असतो, स्वस्तातला त्याहून पातळ. इथे एक गणित लक्षात ठेवण्यासारखं आहे. सपाट पत्र्याचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाने वाढतो. ०.८ मिमीऐवजी १ मिमी घेतला तर वजन सव्वापट होतं, पण ताठपणा जवळजवळ दुप्पट होतो. म्हणून पत्र्याची 'सर्वात हलकी ॲल्युमिनियम बॅग' अशी जाहिरात दिसली की मला संशय येतो.

रेघांचं कारणही तेच. घरावरचा पन्हाळी पत्रा जसा सपाट पत्र्याहून कमी वाकतो, तसंच हे. कोलोनच्या रिमोवा कंपनीने १९३७ मध्ये ॲल्युमिनियमची बॅग काढली आणि १९५० मध्ये तिच्यावर आडव्या रेघा आणल्या. त्या युंकर्स एफ १३ या विमानाच्या पन्हाळी धातूच्या अंगावरून सुचलेल्या. आज निम्म्या बाजारात त्या रेघांची नक्कल दिसते. अमेरिकेत उद्योजक अर्ल हॅलिबर्टन यांच्या कंपनीने वेगळी वाट धरली, कडांना गोल वळण देऊन दोनच ठसठशीत पट्ट्या उठवलेली पेटी. दोन्ही रीती चालतात. चालत नाही ते मोठं, सपाट, गुळगुळीत कवच. दिसायला देखणं असतं, पण पहिल्या दोन प्रवासांतच पोचे येतात.

दुकानात करायची परीक्षा अशी: बॅग आडवी ठेवा आणि कवचाच्या बरोबर मध्यावर दोन्ही अंगठ्यांनी दाबा. पत्रा थोडा आत जाऊन परत येणार, ते ठीक. पण 'टक' आवाज करून आत बसला आणि सोडल्यावर पुन्हा 'टक' करून बाहेर आला, तर पत्रा पातळ आहे किंवा रेघा उथळ आहेत.

आणि हे मनाशी पक्कं करा की पोचे येणारच. पॉलिकार्बोनेट मार खाऊन परत मूळ आकारात येतं आणि कधीतरी तडकतं. ॲल्युमिनियम तडकत नाही, पण खाल्लेला मार अंगावर ठेवतं. नव्याकोऱ्या बॅगेवर पहिला ओरखडा बघून ज्याचा जीव तुटणार असेल, त्याने या वाटेला जाऊ नये. ओरखडे नको असतील तर निदान काळा रंग टाळा. रंगाचा थर घासला गेला की खालची चांदी उठून दिसते. चंदेरी बॅगेवर ओरखडे आपोआप मिसळून जातात.

खरी परीक्षा चौकटीची

पत्र्याला पोचा आला तरी बॅग चालते. चौकट वाकली तर बॅग बंद होत नाही, आणि बंद न होणारी बॅग विमानतळावर काही कामाची नाही. म्हणून माझा बराचसा वेळ इथे जातो.

बॅग पूर्ण उघडून जमिनीवर सपाट ठेवा. एका अर्ध्या भागाचे दोन्ही कर्ण टेपने मोजा, डावा वरचा कोपरा ते उजवा खालचा आणि उलट. दोन्हींत दोन-तीन मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर चौकट कारखान्यातूनच तिरकी आली आहे. मग चौकटीतली रबरी पट्टी बघा. ती सलग हवी, आणि तिचा जोड कोपऱ्यावर नको.

त्यानंतर कागदाची परीक्षा. जुन्या लग्नपत्रिकेची एक पट्टी कापून नेली तरी भागतं. ती पट्टी चौकटीत अडकेल अशी ठेवून बॅग बंद करा, कड्या लावा आणि पट्टी ओढा. घट्ट अडकली पाहिजे. अशीच चारही बाजूंना, प्रत्येक कोपऱ्याजवळ करा. जिथे पट्टी लोण्यातून निघावी तशी सुटते तिथून पाणी आत जाणार. जुलैत मुंबईला विमान उतरतं तेव्हा सामानाच्या गाड्या बराच वेळ उघड्यावर असतात. या बॅगा पाण्यात बुडवण्यासाठी नसतात, पण तेवढा पाऊस त्यांनी अडवायलाच हवा.

बिजागऱ्या किती आहेत ते मोजा. मोठ्या बॅगेला सलग लांब बिजागरी किंवा किमान तीन तरी हव्यात. दोनच असतील तर मधला भाग भरल्यावर फुगतो. कड्या कवचात खोल बसवलेल्या हव्यात. वर उठून आलेली कडी बेल्टच्या कडेला अडकते आणि उचकटते. कडी लावताना हलका जोर लागला पाहिजे. बोटाने नुसती टिचकी मारून बंद होत असेल तर आदळल्यावर ती तशीच उघडेलही.

कुलूप नंबराचं आणि 'टीएसए'वालं असतं. त्याची किल्ली अमेरिकेतल्या सुरक्षा यंत्रणेकडे असते, त्यामुळे तिथे कुलूप न तोडता बॅग तपासता येते. अमेरिकेला जात असाल तर हे हवंच. पण चोरापासून रक्षण म्हणून त्याच्यावर विसंबू नका. या बॅगेची सुरक्षितता तिला चेन नसण्यात आहे. चेनची बॅग साध्या बॉलपेनच्या टोकाने उघडता येते आणि चेनचा सरक पुढेमागे केला की पुन्हा बंदही होते, मालकाला पत्ता लागत नाही. चौकटीच्या बॅगेला तसं करता येत नाही.

चेन नसण्याची दुसरी बाजू परतीच्या प्रवासात कळते. चेनच्या बॅगेवर बसून ती बंद करणं हा आपल्याकडचा कौटुंबिक कार्यक्रम आहे. चौकटीच्या बॅगेवर बसलात तर चौकट वाकेल. जेवढं मावतं तेवढंच मावतं.

चाकं आणि हँडल

वारंवार प्रवास करणाऱ्याची बॅग मरते ती चाकांनी. चार जोडचाकं, म्हणजे एकूण आठ, बेअरिंगवर फिरणारी हवीत. बॅग उलटी करून प्रत्येक चाक बोटाने फिरवा. ते शांतपणे, काही क्षण फिरत राहिलं पाहिजे. खरखर आली किंवा लगेच थांबलं तर नको. चाकाचं बाहेरचं आवरण थोडं रबरासारखं असेल तर दगडी फरशीवर आवाज कमी होतो आणि हादरे हँडलपर्यंत येत नाहीत.

याहून महत्त्वाचं म्हणजे चाक कशाने बसवलं आहे. अस्तराची चेन उघडा आणि चाकाच्या मागे बघा. स्क्रू दिसले तर तुम्ही घरी पेचकसाने चाक बदलू शकता. रिव्हेट दिसले तर ते ड्रिलने काढावे लागतील. मोठ्या बॅगेला मी स्क्रूची चाकंच पसंत करतो. रिव्हेट असलेच तर त्यांच्यामागे रुंद चकत्या किंवा पट्टी आहे का पाहा. नुसत्या पत्र्यात ठोकलेला रिव्हेट वजनाने पत्रा फाडून बाहेर येतो. बाजूच्या आणि वरच्या हँडलांनाही हाच नियम. मालवाहू माणूस बॅग उचलतो ती त्याच हँडलाने, एका हाताने आणि घाईत. बोइंग ७३७ सारख्या विमानात बॅगा कंटेनरमधून न जाता एकेक करून हाताने रचल्या जातात, म्हणजे प्रत्येक उड्डाणाला हे ओढणं आलंच.

रिकामी बॅग कोणतीही छान चालते. दुकानदाराला विनंती करून आत १५-२० किलोचं काहीतरी ठेवा (दुकानातल्या छोट्या बॅगा, पाण्याच्या बाटल्या, काहीही) आणि मग चालवून बघा. दुकानाबाहेरच्या पेव्हर ब्लॉकवर नेऊ देत असतील तर सोनं. ओढायचं हँडल पूर्ण वर काढून डावी-उजवीकडे हलवा. थोडं हलतंच, पण खुळखुळायला नको. भरलेली बॅग एका वरच्या कोपऱ्यावर हलकेच कलती करा आणि कड्यांकडे लक्ष ठेवा. त्या सैल होताना दिसल्या तर तिथेच थांबा.

खोलीत उघडणार कुठे?

ही बॅग पुस्तकासारखी मधोमध उघडते. म्हणजे जमिनीवर तिला साधारण एक मीटर रुंद जागा लागते. युरोपातल्या किंवा जपानमधल्या लहान हॉटेल-खोल्यांत ती पलंगावर उघडावी लागते, हे आधीच माहीत असलेलं बरं. आतल्या दोन्ही बाजूंना दाबून धरणारे पडदे हवेत, नाहीतर बंद करताना अर्धे कपडे चौकटीत अडकतात.

किंमत आणि दुरुस्ती

रिमोवाची ॲल्युमिनियमची मोठी बॅग दीड हजार डॉलरच्या वर जाते. तुमी, झीरो हॅलिबर्टन हीही महागड्या पंक्तीतली नावं. त्याखाली कितीतरी नवे ब्रँड बऱ्याच कमी किमतीत चांगली कवचं देतात. किमतीतला फरक पत्र्यात थोडा आणि सुट्या भागांत जास्त असतो. म्हणून विकत घेताना पहिला प्रश्न हा विचारा: याची चाकं, कडी, हँडल वेगळं मिळतं का, आणि माझ्या शहरात कोण बसवून देतं? रिमोवा जुलै २०२२ पासून नव्या बॅगांवर आजीवन हमी देते, पण ती बॅग चालण्याची, दिसण्याची नाही. पोचे आणि ओरखडे त्यात धरत नाहीत. स्वस्त ब्रँडच्या 'दहा वर्षांच्या हमी'त बॅग तुमच्या खर्चाने कारखान्यात पाठवायची अट असेल, तर २० किलोमीटरवरचा दुरुस्तीवाला त्याहून बरा.

महाराष्ट्रात बॅगांचा उद्योग जुना आहे. व्हीआयपी आणि सॅमसोनाइट यांचे कारखाने नाशिकच्या परिसरात आहेत, आणि गावोगावचे दुरुस्तीवाले अशा बॅगांवरच हात बसवून आहेत. पण ते सगळं मुख्यतः प्लास्टिक आणि कापडाचं. ॲल्युमिनियमची बॅग त्यांच्याकडे नेली तर ते जुना रिव्हेट काढून पॉप रिव्हेट मारून देतील. तसं चालतं, फक्त रिव्हेट ॲल्युमिनियमचाच मारायला सांगा. लोखंडी रिव्हेट मारला तर कोकण, गोवा, मुंबईच्या खाऱ्या हवेत दोन धातूंच्या जोडावर पांढरी भुकटी धरते आणि भोक मोठं होत जातं.

पोचा मोठा असेल तर अस्तर सोडवून आतून रबरी हातोडीने हळूहळू बाहेर काढता येतो. गाड्यांचं डेंटिंग करणारे हे बॅगवाल्यांपेक्षा सफाईने करतात. धातू एकदा ताणला गेला की पृष्ठभाग पूर्वीइतका सपाट होत नाही, एवढं मान्य करून घ्या.

घरी आणल्यावर

ओल्या कापडाने पुसा, फार तर सौम्य साबण. चिंच, लिंबू, पितळ घासायची पावडर, खायचा सोडा यांपैकी काहीही लावू नका. ॲल्युमिनियमवर विद्युत प्रक्रियेने चढवलेला कठीण थर असतो आणि तो आम्लानेही जातो, क्षारानेही. पावसात भिजलेली बॅग उघडून सुकवा, कड्यांच्या खाचांतलं पाणी टिपा.

जुन्या प्रवासाचे बारकोडचे छोटे स्टिकर काढून टाका. ते राहिले तर यंत्र चुकीचा वाचू शकतं. बॅगेत ट्रॅकर ठेवत असाल तर तो कपड्यांच्या मधोमध पुरू नका. धातूचं कवच रेडिओचे संकेत अडवतं, ते बाहेर झिरपतात चौकटीच्या फटीतून. ट्रॅकर अस्तराच्या खिशात, रबरी पट्टीच्या शक्य तितक्या जवळ ठेवा, बॅग बंद करा आणि दुसऱ्या खोलीतून फोनवर दिसतो का बघा. पॉवर बँक मात्र चेक-इन बॅगेत अजिबात नको. ती हातातल्या सामानातच न्यायची.

विमानतळावर प्लॅस्टिक गुंडाळून देणाऱ्यांकडे या बॅगेसाठी पैसे घालवायचं कारण नाही. ओरखड्यांची फारच काळजी असेल तर कापडी खोळ घ्या, ती निदान पुन्हा वापरता येते.

बेल्टवरून मोडून आली तर

घरी नेऊन मग बघू, असं करू नका. बेल्टजवळच बॅग चारही बाजूंनी फिरवा, दोन्ही कड्या लावून-उघडून पाहा, चाकं चालवा. चौकट वाकली असेल, चाक निखळलं असेल तर बाहेर पडायच्या आधी कंपनीच्या सामान-काउंटरवर जाऊन 'पीआयआर' हा तक्रारीचा अर्ज भरा आणि त्याची प्रत घ्या. फोटो तिथेच काढा, बॅगेचा टॅग दिसेल असे. आंतरराष्ट्रीय प्रवासात माँट्रियल करारानुसार नुकसानीची लेखी तक्रार बॅग हातात आल्यापासून ७ दिवसांत करावी लागते. उशिरा आलेल्या बॅगेसाठी मुदत २१ दिवसांची आहे. भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून माणशी १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक), म्हणजे साधारण २,००० डॉलर, आणि त्यात बॅग आणि आतलं सामान दोन्ही आलं. महागडी बॅग असेल तर खरेदीचं बिल फोनमध्ये जपून ठेवा. ते नसेल तर काउंटरवरचा माणूस तिची किंमत आपल्या अंदाजाने लावतो. साध्या पोच्यांसाठी आणि ओरखड्यांसाठी कंपन्या सहसा 'नेहमीची झीज' म्हणून हात वर करतात. अर्ज भरताना पोच्याचं वर्णन करत बसू नका. कडी लागत नाही, बॅग बंद होत नाही, चाक फिरत नाही, असं लिहा.